हजार किलोमीटर झाल्यावर

७ मार्च

म्हैस बसली.

म्हैस म्हणजे आमची गाडी. सव्वीस वर्षांची, काळी, जाडजूड, डिझेल पिणारी, चारही चाकांनी ओढणारी. चिखल दिसला की खूश आणि चढावर हंबरते, म्हणून म्हैस. आमच्या रोपवाटिकेची रोपं वरच्या वस्त्यांवर तीच पोचवते. त्या वाटेने दुसरी गाडी चढत नाही.

काल हॉस्पिटलातून येताना हे चालवत होते. मी औषधांच्या रांगेत होते तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून घेतलं. मी आले तर हे किल्ली हातात घेऊन गाडीपाशी उभे. काय म्हणाले विचारलं तर, पोटाला सूज आहे, गोळ्या चालू ठेवायच्यात. बरं झालं बाई, म्हटलं, मी उगाच जीव टांगणीला लावून बसले होते. मग सगळ्या वाटेने मी माझं लिंबाच्या कलमांचं पुराण लावलं.

पुलापासून आमच्या फाटकापर्यंत पाच किलोमीटर चढ आहे. तेवढा सगळा चढ इंजिनाच्या तापाचा काटा तांबड्यात होता. हा तोच माणूस, जो काटा तांदळाएवढा हलला तरी गाडी कडेला घेऊन मला व्याख्यान देतो की काटा म्हणजे इंजिनाची नाडी. फाटकाशी आलो आणि बॉनेटमधून वाफ उसळली तेव्हा कुठे थांबले. मी म्हटलं, अहो, काटा दिसला नाही का तुम्हाला? आत जाऊन बुटांसकट आडवे झाले.

आज सकाळी ऑईलची कांडी काढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं. हे म्हणाले, हेड गॅसकेट गेली. म्हणजे इंजिनाचा वरचा ठोकळा आणि खालचा ठोकळा यांच्यात एक पातळ पत्रा असतो, तो पाणी, ऑईल आणि आग या तिघांना एकमेकांपासून लांब ठेवतो. तो फाटला की सगळं एकमेकांत.

शहरातल्या गॅरेजवाल्याला बोलवा म्हटलं. नाही म्हणाले, घरीच करू. करा म्हटलं. तर म्हणतात, "मी नाही. तू करायचंस. मी सांगतो."

मला हसूच आलं. ते हसले नाहीत.

आणि रोज काय काढलं, कुठून काढलं ते क्रमाने लिहायचं असा हुकूम आहे. म्हणून ही ऑर्डरची जुनी वही काढली. पंचवीस एप्रिलला वरच्या टेकडीवर तीन हजार रोपं पोचवायची आहेत, तोवर म्हैस उठली नाही तर वर्षभराची मेहनत पाण्यात. म्हणून ऐकते आहे. मध्ये मध्ये माझ्या मनातलंही लिहिणार. हे थोडेच वाचणार आहेत, माझं अक्षर त्यांना आजवर कधी लागलेलं नाही.

९ मार्च

रेडिएटरचं पाणी सोडलं. वरचा पाईप, खालचा पाईप, हवेचा फिल्टर, डिझेलच्या चार नळ्या. प्रत्येकाला रोपांची पिवळी चिठ्ठी बांधली, कुठला कुठे ते लिहून. हे कलमं बांधायच्या स्टुलावर बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. अगं तो नाही, चौदाचा पाना. अगं उलटा फिरवतेस.

चौतीस वर्षांत या माणसाने मला पान्याला हात लावू दिला नाही. एकदा मी कात्रीचा स्क्रू आवळायला त्यांचा स्क्रूड्रायव्हर घेतला तर दोन दिवस धुसफुसत होते. आणि आता आपणहून पाना हातात देतात, आणि मी नीट धरला नाही तर माझी बोटं धरून बसवतात. स्वतः का करत नाही विचारलं तर कमरेत धरतंय म्हणे. पोटात सूज, कमरेत उसण. एकूण माणूस खालून वरून रिटायर झालाय.

जेवण निम्मं टाकलं. मी ओरडले.

१२ मार्च

वरचं झाकण काढलं. आत आठ लांब दांड्या निघतात. ज्या भोकातली दांडी त्याच भोकात परत गेली पाहिजे. मी रोपांचा ट्रे आणला आणि आठ खणांत आठ दांड्या उभ्या केल्या, नंबर घालून. हे बराच वेळ ट्रेकडे पाहत राहिले. म्हणाले, मी आयुष्यभर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवत आलो. शाबासकी असावी ती. सरळ देतील तर ते हे कसले.

मग सायलेन्सरकडचा एक बोल्ट अडून बसला. मी पाय लावला, शिव्या घातल्या, पाना सटकून बोटाचं सालटं निघालं. हे म्हणाले, "जोर नको लावू. डिझेल ओत आणि उद्यापर्यंत सोडून दे. काही गोष्टींना वेळच द्यावा लागतो." आता या वयात मला उपदेश. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

१३ मार्च

तो बोल्ट हाताने सुटला. त्यांना सांगितलं नाही. पण त्यांना कळलंच.

१६ मार्च

हेड उतरवलं. आणि भांडण झालं.

हेड म्हणजे तो वरचा ठोकळा, ओतीव लोखंडाचा, माझ्याच्याने हलायचा नाही असा. मी म्हटलं खालून दोन गडी बोलवा, पाच मिनिटांचं काम. हे म्हणाले, "आणि पुढच्या वेळी?" पुढच्या वेळी कशाला हवंय, रोज थोडंच गॅसकेट जाणार आहे? शेवटी शेडच्या आढ्याला चेनपुली बांधली, तीही मीच, शिडीवर चढून. हे शिडी धरून उभे होते आणि शिडी थरथरत होती. म्हटलं नीट धरा की, मला पाडायचंय का. तर बसकण मारली खाली, धापा टाकत. मग मीच साखळी ओढली, आणि बाई गं, ते धूड वर आलं. माझ्या हाताने. मी ओरडले आनंदाने.

गॅसकेट काढून पाहिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधे जळकं भोक, करंगळीच्या नखाएवढं. एवढ्याशा भोकासाठी एवढा खटाटोप. हे ती हातात घेऊन किती वेळ बसले. म्हणाले, पाच किलोमीटर. फक्त एवढंच. मला वाटलं आता तरी चूक कबूल करतील, पण नाही.

लिहून ठेवायचं म्हणून लिहिते. गॅसकेटच्या कडेला खाचा असतात, त्यावरून तिची जाडी कळते. आपल्या गाडीची दोन खाचांची. डोळे मिटून बोटाने मोजायला लावल्या. दोनच.

१८ मार्च

त्यांच्या पट्ट्याला मी खिळ्याने नवीन भोक पाडून दिलं. पोट गेलंय सगळं. तेलकट बंद केल्याचा गुण. मी म्हटलं, बघा, लग्नात होतात तसे दिसायला लागलात. हसले.

२१ मार्च

खरादवाला स्वतः टेंपो घेऊन हेड न्यायला आला. तापून वाकलेली बाजू घासून सपाट करून देणार. हा आणि हे, दोघं गेली वीस वर्षं प्रत्येक कामावरून हमरीतुमरीवर येतात. याने जास्त घासलं, त्याने कमी सांगितलं. आज दोघं मवाळ. खरादवाला त्यांच्याकडे पाहतच राहिला, मग त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. जाताना मला म्हणाला, "वहिनी, कधीही काही अडलं तर मला फोन करा. खरंच करा. संकोच नको."

धंदा मंदीत असावा बिचाऱ्याचा. नाहीतर हा मनुष्य साधा पाना उसना द्यायचा नाही.

२६ मार्च

नवी गॅसकेट आणायला मी एकटी बसने शहरात गेले. पार्टवाल्याने डबा पुढे सरकवला. मी उघडला, कडेवरून बोट फिरवलं. एक खाच. म्हटलं ही नाही, दोन खाचांची हवी. तो म्हणतो बाई, सगळ्या सारख्याच. मी म्हटलं सारख्याच असतील तर दोनवालीच द्या. दुकानातले दोघं तिघं माझ्याकडे बघायला लागले. माळ्यावरून काढून आणली गुपचूप.

घरी येऊन रंगवून सांगितलं. हे इतके हसले की पोट धरून वाकले, मग वाकलेलेच राहिले थोडा वेळ. किती दिवसांनी हसले.

३० मार्च

ताई आल्यात, यांच्या मोठ्या बहीण. फोनही न करता. स्वयंपाकघरात मला पाठमोऱ्या उभ्या राहून रडत होत्या. सुनेशी वाजलं असणार, मी विचारलं नाही. जेवताना एकदम म्हणाल्या, ही जागा आता सोडा, खाली आमच्याकडे राहायला या. मी म्हटलं तीन हजार रोपं काय तुमच्या गॅलरीत ठेवू? तर हे एकदम तापले, "ताई, पुरे." ताई घास तसाच ठेवून उठल्या.

काहीतरी शिजतंय. मी इतकी बावळट नाही. गॅरेजवाल्याला बोलवायचं नाही, खरादवाला अचानक गोड, ताई म्हणतात जागा सोडा. ही दोघं भावंडं मिळून रोपवाटिका विकायला निघाली आहेत. आणि गाडी चालती करायची ती गिऱ्हाइकासाठी. माझ्याच हातून.

१ एप्रिल

ताई गेल्यावर विचारलंच. शेडमध्ये, हातातला फडका टाकून. म्हटलं, म्हैस विकायला दुरुस्त करताय ना? आणि ही जागा?

त्यांनी फडका उचलून माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "नाही गं. तुझ्यासाठी करतोय."

म्हणे माझ्यासाठी. चौतीस वर्षांत माझ्यासाठी एक फुलदाणी आणली नाही. आता दोन दिवस अबोला. म्हणजे आज आणि उद्या बोलणार नाहीये.

४ एप्रिल

हेड बसवलं. आज सगळं लिहिते, कारण हेच मुख्य काम.

दोन्ही बाजू चकचकीत पुसल्या. गॅसकेट ठेवली, खाचा आपल्याकडे. चेनपुलीवरून हेड सावकाश खाली. अठरा बोल्ट. ते कडेने ओळीत आवळायचे नाहीत, मधून सुरुवात करायची आणि डावीकडे एक, उजवीकडे एक असं बाहेर जायचं. का, तर हे म्हणाले, "गादीवर चादर घालताना हात कुठून फिरवतेस? मधून कडेला. नाहीतर सुरकुती मधेच अडकते." हे मात्र पटलं. वहीत नकाशा काढलाय, नंबरांसकट, वाफ्यासारखा.

तीनदा आवळायचे, दर वेळी जरा जास्त जोराने. त्यासाठी वेगळा पाना असतो, ठरलेला जोर झाला की कट्ट वाजतो. वाजला की थांबायचं, वर एक इंचही नाही. हे स्टुलावर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. शेवटची फेरी संपवून मी पाना खाली ठेवला आणि म्हटलं झालं.

डोळे न उघडता म्हणाले, "सतरा झाले."

मी म्हटलं अठरा. ते म्हणाले, सतरा वेळा वाजलं. मी चिडून परत पाहिलं, तर मागच्या कोपऱ्यातला शेवटचा राहिला होता. चिठ्ठी ऑईलमध्ये पडली होती त्याची.

माझा राग गेला. कोणी आपलं काम इतकं कान देऊन ऐकतं तेव्हा राग धरता येत नाही.

८ एप्रिल

म्हैस उठली!

मला चालवायच्या जागी बसवलं. लायसन्स माझ्याकडे वीस वर्षं आहे, कपाटात. पहिल्यांदा नुसतीच कण्हली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा धुराचा लोट सोडून हंबरली आणि मी रडायलाच लागले, का ते कळेना. हे बॉनेटवर पंजा टेकवून उभे होते, आजाऱ्याचं कपाळ बघावं तसे. कांडी स्वच्छ, पाणी स्थिर, काटा मधोमध.

मग म्हणाले, मीटर लिही. २,४१,३८६. "हजार किलोमीटर झाले की हे अठरा बोल्ट परत आवळायचे. नवी गॅसकेट दबते, बोल्ट सैल पडतात. इंजिन गार असताना. एकेक बोल्ट चिमूटभर सैल करायचा आणि मग आवळायचा, त्याच क्रमाने. हे विसरलं तर सगळं केलेलं वाया."

मी म्हटलं तेव्हा आठवण करा म्हणजे झालं. म्हणाले, "तू लिही."

वही आता गाडीच्या खणात ठेवायची म्हणे. ऑईलने माखली आहे, तशी घरात नकोच.

१५ एप्रिल

रोज सकाळी मला चालवायला लावतात. चढावर थांबून परत सुटणं, उतारावर मागे घेणं, चिखलात चारी चाकं कधी जोडायची. काल मी फाटकाचा खांब वाकवला. एरवी आठवडाभर ऐकवलं असतं. काल म्हणाले खांबाचं काय, खांब होतो सरळ. मला त्यांचं ओरडणं बरं वाटायचं हे आत्ता कळतंय.

२५ एप्रिल

तीन हजार रोपं वर पोचली. पाच खेपा, सगळ्या मी चालवल्या. पहिल्या दोन खेपांना हे शेजारी बसले, खिडकीला डोकं टेकून. काट्याकडे मी बघत होते, ते बाहेर. वर पोचल्यावर खालचा सगळा रस्ता दिसतो, आमचं छप्परही. तिथे उभे राहून म्हणाले, जमतंय तुला. एवढंच. तिसऱ्या खेपेला म्हणाले मी पडतो जरा. मी परत आले तेव्हा झोपलेलेच होते, बुटांसकट.

३ मे

काल अंगणात पडले. मीच गाडीत घातलं, मीच चालवत नेलं. उतारावर एकदाही ब्रेक जोरात मारला नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. किती पसरलंय ते सांगितलं. मी म्हटलं, सूज होती ना? ते चमकले. म्हणाले, "मी त्यांना सहा मार्चलाच सगळं सांगितलं होतं. उपचार त्यांनीच नको म्हटलं. घरी मी सांगतो म्हणाले."

सहा मार्च. मी लिंबाच्या कलमांबद्दल बोलत होते.

सगळ्यांना माहीत होतं. ताईंना, खरादवाल्याला. आणि मी पट्ट्याला भोक पाडून हसत होते. मी किती आंधळी. त्यांच्यावर इतका राग आलाय की खाटेपाशी जाऊन बसले आणि हात धरला तरी जात नव्हता. मी म्हटलं, का नाही सांगितलंत? त्यांनी नुसता माझा अंगठा चोळला. नखाशी ऑईल होतं अजून.

१९ मे

हे गेले. सकाळी, चहा निवत असताना.

२ जून

रोपांना पाणी दिलं. ताई राहिल्या होत्या, आज गेल्या. परत विचारलं त्यांनी, चल म्हणून. नाही म्हटलं.

२० जून

वरच्या वस्तीवर दीडशे रोपं दिली. येताना पुलावर थांबून काटा पाहिला. मधोमध होता. तरी थांबले होते थोडा वेळ.

११ जुलै

मीटर २,४२,३९१. पाच किलोमीटर जास्तच झाले.

गाडी कालपासून उभी ठेवली, इंजिन गार व्हायला. सकाळी शेडमध्ये स्टूल आणलं, पाने मांडले, आणि बोल्टांचा नकाशा बघायला वही मागे उलटली. आजवर मी पुढे पुढेच लिहीत आले, मागची पानं उघडायची छाती झाली नव्हती.

नकाशात पेन्सिलीने खुणा आहेत. मी नऊ आणि दहा उलटे लिहिले होते, ते बाण काढून सरळ केलेत. खाली बारीक अक्षरात, "आधी हा."

मी जागच्या जागी बसले. मग सगळी वही पहिल्यापासून पाहिली. जिथे पान्याचा नंबर चुकला तिथे दुरुस्ती. जिथे ट्रेबद्दल लिहिलं होतं तिथे, "शाबासकीच होती." जिथे मी जित्याची खोड वगैरे लिहिलंय तिथे काहीच नाही, नुसता बोटाचा डाग. म्हणजे तेही वाचलं. त्यांच्यावर मी जागा विकायचा आळ घेतला तेही वाचलं, आणि मला काही बोलले नाहीत.

आणि अगदी पहिल्या पानावर, मी विचारलं होतं ना, काटा दिसला नाही का तुम्हाला, त्याच्या शेजारी समासात:

"दिसत होता. थांबलो असतो तर तू विचारलं असतंस."

विचारलं असतं. हो, विचारलंच असतं. रस्त्याच्या कडेला दोघं बसलो असतो, रडलो असतो, गाडी गार झाली असती आणि गॅसकेट वाचली असती. वेडा माणूस. स्वतःच्या म्हशीची नाडी तुटू दिली, पण मला पाच किलोमीटर कलमांबद्दल बोलू दिलं. मी शेडमध्ये मोठमोठ्याने रडले. इथे वर ऐकायला कोणी नाही.

मग तोंड धुतलं आणि झाकण काढलं. मधून सुरुवात केली. प्रत्येक बोल्ट चिमूटभर सैल, मग कट्ट वाजेपर्यंत. नऊ आणि दहा त्यांनी सांगितलं तसे. मोठ्याने मोजत होते.

सतरा झाल्यावर पाना खाली ठेवला आणि थांबले. स्टुलाकडे पाहिलं. बराच वेळ थांबले.

मग उठून मागच्या कोपऱ्यातला अठरावा आवळला.